लिनक्समध्ये कर्नल अपडेट आणि नको असलेली पॅकेजेस : धंदा थांबू न देता साफसफाई



१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा मोफत सपोर्ट संपला. तेव्हापासून आपल्या वर्गात एक प्रश्न सारखा येतोय. "सर, जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट टाकलं, मस्त चालतंय. पण खाली शील्डच्या चिन्हावर ठिपका येतो, त्यात 'कर्नल' असं काहीतरी लिहिलेलं असतं. ते करू की नको?"

या प्रश्नाला लोक दोन टोकाची उत्तरं शोधतात. काही जण वर्षभर अपडेटला हातच लावत नाहीत. "चालतंय ना, मग कशाला छेडायचं?" दुसरे काही जण इंटरनेटवरून 'लिनक्स क्लीन करा' अशी एखादी लांबलचक कमांड आणतात, पेस्ट करतात आणि एंटर दाबतात. पहिल्याचं मशीन हळूहळू उघडं पडतं. दुसऱ्याचा प्रिंटर बिल छापायच्या ऐन वेळी बंद पडतो.

मधला रस्ता अगदी सोपा आहे. आजच्या सगळ्या लेखाचं सार दोन वाक्यांत सांगतो :

एक, चालू असलेलं एक जुनं कर्नल नेहमी शिल्लक ठेवा.
दोन, काय काढलं जाणार आहे ती यादी वाचल्याशिवाय 'वाय' दाबू नका.

एवढं पाळलंत तर बाकीच्या चुका दुरुस्त होतात. आता सविस्तर बघू.

एक सूचना आधीच. खालच्या कमांड मी उच्चाराप्रमाणे मराठीत लिहिल्या आहेत, म्हणजे प्रत्येकीचा अर्थ डोक्यात बसेल. टाइप करताना व्हिडिओतल्या स्क्रीनवरचं स्पेलिंग बघूनच करा. आणि हे सगळं उबंटू, लिनक्स मिंट आणि डेबियन या कुटुंबासाठी आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचं बॉस लिनक्ससुद्धा डेबियनवरच आधारलेलं आहे, त्यामुळे तिथेही एपीटी हेच हत्यार. फेडोराच्या कमांड वेगळ्या, तो विषय पुन्हा कधीतरी.

कर्नल म्हणजे नेमकं काय?

तुमच्या दुकानात मालक समोर बसतो, पण गोडाऊनची किल्ली, गल्ला, वीज, पाणी, मालाची चढ-उतार हे सगळं एकच विश्वासू माणूस सांभाळतो. कॉम्प्युटरमध्ये तो माणूस म्हणजे कर्नल. ब्राउझर असो की लिब्रेऑफिस, कुणालाही मेमरी हवी, डिस्कवर लिहायचं असेल, प्रिंटरशी बोलायचं असेल, तर कर्नलमार्फतच जावं लागतं.

इथे एक गोष्ट बाकीच्या सॉफ्टवेअरपेक्षा वेगळी आहे, ती नीट समजून घ्या. फायरफॉक्स अपडेट होतो तेव्हा जुना जातो आणि नवा त्याच जागी बसतो. कर्नलचं तसं नसतं. उबंटू आणि मिंटमध्ये नवं कर्नल आलं की ते जुन्याच्या शेजारी बसतं. दोघांची नावंच वेगळी असतात. टर्मिनलमध्ये 'यूनेम डॅश आर' टाइप केलं की सध्या चालू असलेल्या कर्नलचं नाव दिसतं. समजा '६.८.०-५०-जेनेरिक' असं आलं. यातलं ६.८ म्हणजे मूळ आवृत्ती आणि ५० हा उबंटूने दिलेला क्रमांक. पुढचं अपडेट आलं की ५१ नावाचं नवीन पॅकेज येतं, ५० जागेवरच राहतं.

हे मुद्दाम केलेलं आहे. नव्या कर्नलवर मशीन सुरूच झालं नाही तर जुन्यावर परतता यावं म्हणून. म्हणजे तुमच्याकडे एक स्टेपनी कायम तयार असते. पण स्टेपन्या साठत गेल्या की डिकी भरते. आजचा सगळा विषय या दोन वाक्यांत आहे.

मग अपडेट टाळलं तर काय बिघडतं?

खरं उदाहरण देतो. मार्च २०२२ मध्ये 'डर्टी पाइप' नावाची कर्नलमधली त्रुटी जाहीर झाली. मॅक्स केलरमन या जर्मन डेव्हलपरला ती सापडली. सुरुवात कशी झाली माहितीये? त्यांच्या ग्राहकाच्या लॉग फाइल्स अधूनमधून खराब निघत होत्या. शोध घेता घेता कळलं की दोष कर्नलमध्ये आहे. मशीनवरचा कुठलाही साधा यूजर, ज्या फाइलवर लिहायची त्याला परवानगीच नाही, त्या फाइलमधला मजकूर बदलू शकत होता. म्हणजे काउंटरवरच्या पोऱ्याला मालकाच्या तिजोरीचा मालक होता येत होतं. ५.८ पासूनच्या कर्नलमध्ये हा दोष होता. ५.१०.१०२, ५.१५.२५ आणि ५.१६.११ या आवृत्त्यांमध्ये तो दुरुस्त झाला.

ज्यांनी अपडेट केलं त्यांच्यासाठी विषय तिथेच संपला. ज्यांनी "चालतंय ना" म्हणत सोडून दिलं, त्यांचं दार उघडंच राहिलं.

आता दुसरी बाजू. २९ मार्च २०२४ ला 'एक्सझेड' या फाइल दाबून लहान करणाऱ्या छोट्याशा पॅकेजमध्ये कुणीतरी मुद्दाम चोरदरवाजा ठेवल्याचं उघड झालं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, तो त्याच्या मागे लागला आणि भांडं फुटलं. तो चोरदरवाजा ५.६.० आणि ५.६.१ या अगदी ताज्या आवृत्त्यांमध्ये होता. डेबियनच्या स्थिर आवृत्तीपर्यंत किंवा लोकांच्या हातात असलेल्या उबंटूपर्यंत तो पोचलाच नव्हता.

दोन्ही उदाहरणं शेजारी ठेवून बघा. पहिलं सांगतं की दुरुस्ती आली की उशीर करू नका. दुसरं सांगतं की सगळ्यात नवं ते आधी मलाच, ही घाई धंद्याच्या मशीनवर नको. म्हणून लहान व्यवसायासाठी माझा सल्ला ठरलेला आहे : दीर्घ मुदतीची म्हणजे एलटीएस आवृत्ती वापरा, आणि तिच्या अधिकृत अपडेटमधून जे येईल ते नियमित घ्या. बाहेरून 'लेटेस्ट कर्नल' आणून टाकायचा उद्योग करू नका.

आणि हो, आपल्या आवृत्तीची मुदत संपली नाही ना, हेही बघा. उबंटू २०.०४ चा नेहमीचा सपोर्ट मे २०२५ मध्ये संपला. मिंट २१ ला २०२७ पर्यंत आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. मुदत संपलेल्या सिस्टीमवर शील्डवर ठिपका दिसत नाही ते सगळं ठीक आहे म्हणून नव्हे, नवीन काही येतच नाही म्हणून!

कधी करायचं? पुण्याचं कॅलेंडर समोर ठेवा

ही गोष्ट इंग्रजी व्हिडिओत कुणी सांगणार नाही, म्हणून इथे थोडं थांबू.

कर्नल बसत असताना वीज गेली तर काय होतं? कर्नलबरोबर 'इनिटआरडी' नावाची एक फाइल त्याच वेळी तयार होते. मशीन सुरू होताना डिस्कपर्यंत पोचायचे ड्रायव्हर त्यात असतात. ती अर्धवट राहिली तर नवं कर्नल सुरू होतं, पण त्याला डिस्कच सापडत नाही. स्क्रीनवर 'कर्नल पॅनिक' येतं आणि सगळं थांबतं.

आता पुण्यात आणि पिंपरी-चिंचवडमध्ये महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी असतात. भोसरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यात साप्ताहिक सुट्टीही गुरुवारचीच. त्यामुळे वर्कशॉपवाले म्हणतात, "आज सुट्टी आहे, निवांत अपडेट करून टाकू." नेमका तोच दिवस चुकीचा! गुरुवारी करायचंच असेल तर यूपीएस असेल तरच करा, नाहीतर लॅपटॉपवर पूर्ण चार्जिंग ठेवून.

दुसरं कॅलेंडर जीएसटीचं. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी असतं. तिमाहीवाल्यांना महाराष्ट्रात तिमाहीनंतरच्या महिन्यात १३ आणि २२ तारीख असते. ७ तारखेला टीडीएसचा भरणा. या तारखांच्या आदल्या दोन दिवसांत कर्नलला हात लावू नका. अपडेट वाईट असतं म्हणून नाही. काही अडलं तर शांतपणे सोडवायला वेळ हवा म्हणून.

मग उरले कोणते दिवस? २३ ते २८ च्या मधला एखादा दिवस, गुरुवार सोडून. संध्याकाळी गर्दी ओसरल्यावर. महिन्यातून एकदा, अर्धा तास. मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून टाका.

एक अपवाद. डर्टी पाइपसारखी मोठी बातमी आली तर महिनाअखेरची वाट बघू नका. रिटर्न भरून झालं की त्याच संध्याकाळी करा.

अपडेट कसं करायचं? पाच पायऱ्या

पायरी १ : बॅकअप. मिंटमध्ये 'टाइमशिफ्ट' आधीपासून असतं, उबंटूमध्ये टाकून घ्या. एक स्नॅपशॉट काढा. पण इथे बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. टाइमशिफ्ट सिस्टीम जपतं, तुमची बिलं आणि फोटो नाही. होम फोल्डर ते सहसा घेतच नाही. तुमचा डेटा वेगळ्या पेन ड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर गेलाच पाहिजे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये टॅली चालवत असाल तर टॅलीचा बॅकअप टॅलीतूनच घ्या.

पायरी २ : यादी ताजी करा. 'सुडो एपीटी अपडेट'. नाव अपडेट असलं तरी यात काहीच बदलत नाही. फक्त बाजारात काय नवीन आलंय त्याचं भावपत्रक येतं.

पायरी ३ : काय बदलणार ते बघा. 'एपीटी लिस्ट डॅश डॅश अपग्रेडेबल'. यादीत 'लिनक्स-इमेज' आणि 'लिनक्स-हेडर्स' ही नावं दिसली तर समजा, कर्नल आलंय. दोन्ही जोडीने आली पाहिजेत. का, ते पुढे सांगतो.

पायरी ४ : 'सुडो एपीटी अपग्रेड'. इथे 'एपीटी' आणि जुनं 'एपीटी-गेट' यांत एक फरक आहे. 'एपीटी-गेट अपग्रेड' नवीन नावाचं पॅकेज घेतच नाही, आणि कर्नल तर दर वेळी नवीन नावाने येतं. म्हणून जुन्या लेखातली 'गेट'वाली कमांड वापरणाऱ्यांचं कर्नल 'केप्ट बॅक' म्हणून मागे राहतं आणि त्यांना वाटतं अपडेट झालं. नुसतं 'एपीटी अपग्रेड' नवीन पॅकेज आणतं, पण असलेलं काही काढत नाही. धंद्याच्या मशीनसाठी हेच योग्य.

पायरी ५ : रीस्टार्ट करा आणि तपासा. कर्नल बसलं म्हणजे लागू झालं असं नाही. मशीन बंद-चालू करेपर्यंत जुनंच कर्नल काम करत असतं. कित्येक ऑफिसांत मशीन महिनोन्महिने नुसतं 'सस्पेंड' होतं. तिथे अपडेट डिस्कवर येऊन पडलेलं असतं, पण दार उघडंच. रीस्टार्ट झालं की पुन्हा 'यूनेम डॅश आर' करा आणि आकडा बदलला का ते बघा. मग लगेच चार गोष्टी चालवून बघा : वाय-फाय, प्रिंटर, टॅली किंवा बिलिंग, आणि डिजिटल सिग्नेचरचं टोकन. चारही चालले की काम झालं.

मिंटवाल्यांना हे सगळं अपडेट मॅनेजरमध्ये माउसनेही करता येतं. 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' असा पर्याय आहे. तिथे बसवलेली सगळी कर्नल्स आणि चालू असलेलं कोणतं, ते स्पष्ट दिसतं.

उबंटूवाल्यांनो, तुमच्याकडे सुरक्षेची अपडेट्स मागच्या मागे आपोआप बसत असतात. म्हणजे तुम्ही काही केलं नाही तरी नवं कर्नल आलेलं असू शकतं. "काल संध्याकाळी चालत होतं, आज सकाळी वाय-फाय गेलं" यामागचं कारण पुष्कळदा हेच.

नव्या कर्नलवर काहीतरी बंद पडलं. आता?

घाबरायचं नाही. स्टेपनी आहे ना!

मशीन चालू करताना, कंपनीचा लोगो गेल्या गेल्या, 'एस्केप' दाबा. जुन्या बायोसवाल्या मशीनवर 'शिफ्ट' दाबून धरा. ग्रबचा मेनू येईल. त्यात 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. आतमध्ये कर्नल्सची यादी दिसेल. वरून दुसरं, म्हणजे मागचं कर्नल निवडा. 'रिकव्हरी मोड' लिहिलेलं निवडू नका, साधं निवडा. मशीन कालच्यासारखं सुरू होईल. ग्राहक समोर उभा असेल तर आधी त्याचं बिल करा. दुरुस्ती संध्याकाळी.

ही क्रिया आजच, सगळं ठीक असताना, एकदा करून बघा. अडचणीच्या दिवशी पहिल्यांदा करायची वेळ येऊ देऊ नका.

आता कारण शोधू. नव्या कर्नलनंतर बहुतेक वेळा तीनच गोष्टी बंद पडतात : व्हर्च्युअलबॉक्स, एनव्हिडियाचं ग्राफिक्स कार्ड आणि बाहेरून ड्रायव्हर टाकलेलं वाय-फाय डोंगल. तिघांचं दुखणं एकच. यांचे ड्रायव्हर कर्नलच्या आत नसतात, प्रत्येक नव्या कर्नलसाठी ते नव्याने बनवावे लागतात. हे काम 'डीकेएमएस' नावाची यंत्रणा आपोआप करते. शिंप्यासारखंच समजा, माणूस बदलला की माप नवीन. आणि ते माप असतं 'लिनक्स-हेडर्स' या पॅकेजात. हेडर्स आलेच नाहीत तर ड्रायव्हर बनत नाही, व्हर्च्युअलबॉक्स 'कर्नल ड्रायव्हर नॉट इन्स्टॉल्ड' म्हणतो आणि त्याच्या आत असलेली टॅली उघडत नाही. टॅलीचा काही दोष नसतो.

उपाय : जुन्या कर्नलवर सुरू करून इंटरनेट मिळवा, 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक' हे पॅकेज इन्स्टॉल करा, मग 'डीकेएमएस स्टेटस' करून नव्या कर्नलच्या नावापुढे 'इन्स्टॉल्ड' आलंय का बघा. तुमचं कर्नल 'एचडब्ल्यूई' प्रकारचं असेल तर हेडर्सही एचडब्ल्यूईवालेच घ्या.

वीज जाऊन काम अर्धवट राहिलं असेल तर जुन्या कर्नलवर येऊन 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश कॉन्फिगर डॅश ए' द्या. अर्धवट राहिलेली कामं ते पूर्ण करतं. त्यानंतर 'सुडो एपीटी डॅश डॅश फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'.

आणि नव्या कर्नलवर तुमचं हार्डवेअर खरंच चालत नसेल तर? तेव्हा 'सुडो एपीटी-मार्क होल्ड' वापरून कर्नलची पॅकेजेस थांबवता येतात. पण होल्ड म्हणजे सुरक्षेच्या दुरुस्त्याही थांबल्या. म्हणून होल्ड लावलं की तारीख कॅलेंडरवर लिहा आणि महिन्याभरात 'अनहोल्ड' करून पुन्हा प्रयत्न करा. होल्ड लावून विसरून जाणं आणि अपडेट न करणं यात काही फरक नाही.

'बूट' भरलं : सगळ्यात जास्त येणारी तक्रार

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर 'बूट' नावाचा छोटा वेगळा कप्पा तयार होतो. जुन्या आवृत्त्यांमध्ये तो साधारण ७०० एमबीच्या आसपास असायचा. एकेका कर्नलची इनिटआरडी फाइलच कित्येकदा १०० एमबीच्या पुढे जाते. चार-पाच कर्नल्स साठली की कप्पा भरला. मग पुढचं कर्नल अर्धवट बसतं, आणि त्यानंतर कुठलंच पॅकेज बसत नाही, साधं पीडीएफ रीडरसुद्धा.

एन्क्रिप्शन केलं नसेल तर बूट मुख्य डिस्कमध्येच असतं, त्यामुळे ही अडचण सहसा येत नाही. कप्पा किती भरलाय ते 'डीएफ डॅश एच' या कमांडने दिसतं.

भरला असेल तर क्रम असा :

१. 'यूनेम डॅश आर' करून चालू कर्नलचा आकडा कागदावर लिहा. याला हात लावायचा नाही.
२. 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह डॅश डॅश पर्ज' द्या. यादी वाचा. चालू कर्नल, सगळ्यात नवं आणि त्याच्या आधीचं, एवढी एपीटी स्वतःहून राखून ठेवतं. बाकीची काढतं. बहुतेकांचं काम इथेच संपतं.
३. एपीटीच अडून बसलं असेल तर सगळ्यात जुन्या कर्नलचं 'लिनक्स-इमेज' आणि त्याच आकड्याचं 'लिनक्स-मॉड्यूल्स-एक्स्ट्रा' ही दोन पॅकेजेस 'सुडो डीपीकेजी डॅश डॅश पर्ज'ने एकत्र काढा. जागा झाली की 'फिक्स-ब्रोकन'वाली कमांड आणि मग पुन्हा पायरी २.

बूट फोल्डरमध्ये जाऊन 'आरएम'ने फाइल्स उडवू नका. फाइल गेली तरी एपीटीच्या वहीत ते कर्नल 'जमा' असंच दिसत राहतं. गोडाऊनमधून माल गेला आणि स्टॉक रजिस्टरला नोंद नाही, असा तो प्रकार. पुढच्या प्रत्येक हिशोबाला घोळ.

आणखी एक सापळा. यादीत 'लिनक्स-जेनेरिक' किंवा 'लिनक्स-इमेज-जेनेरिक' असं बिनआकड्याचं नाव दिसलं तर ते काढू नका. ते कर्नल नाही, कर्नलची स्टँडिंग ऑर्डर आहे. दर वेळी नवं कर्नल तेच मागवतं. ते गेलं की मशीन छान चालत राहतं, एररही येत नाही, फक्त नवी कर्नल्स येणं गुपचूप बंद होतं.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'ऑटोमेशन' या टॅबखाली जुनी कर्नल्स आपोआप काढायची सोय आहे. ती चालू ठेवली तर हे सगळं फारसं लागणारच नाही.

नको असलेली पॅकेजेस : काय काढायचं, काय नाही

आता झाडलोट. मशीनवर पॅकेजेस दोन प्रकारे येतात. काही तुम्ही मागता, काही त्यांच्यासोबत येतात. एपीटी दोन्हींची वेगळी नोंद ठेवतं. मूळ पॅकेज गेलं की सोबत आलेली 'अनाथ' होतात आणि 'ऑटोरिमूव्ह' त्यांना काढतं. कल्पना चांगली आहे, पण एपीटीला तुमचा धंदा माहीत नाही. सोबत आलेलं एखादं पॅकेज तुमच्या दुसऱ्या कामाचं असू शकतं.

आपल्याकडच्या ऑफिसात जपायच्या गोष्टी या :

डिजिटल सिग्नेचर टोकन : याला 'पीसीएससीडी' हे पॅकेज लागतं. कंपनीच्या संकेतस्थळावरून घेतलेला ड्रायव्हर एपीटीच्या नोंदीत नसला, तर पीसीएससीडीची कुणाला गरज आहे हे एपीटीला कळत नाही आणि ते अनाथ ठरू शकतं. मग रिटर्न भरायच्या दिवशी टोकन ओळखलंच जात नाही.

प्रिंटर : कॅनन एलबीपी २९०० पुण्यातल्या किती ऑफिसांत असेल, मोजायला नको! त्याचा कॅननचा जुना लिनक्स ड्रायव्हर ३२ बिट लायब्ररींवर चालतो. यादीत नावाच्या शेवटी 'आय३८६' असलेली पॅकेजेस दिसली तर थांबा आणि विचार करा.

मराठी टायपिंग : 'आयबस-एम१७एन' आणि देवनागरी फॉन्ट. "या भाषा कशाला हव्यात" म्हणून लोक काढतात आणि मग कोटेशनमध्ये चौकोन दिसतात.

हवं ते पॅकेज ऑटोरिमूव्हच्या यादीत दिसलं तर 'एन' दाबा. मग 'सुडो एपीटी-मार्क मॅन्युअल' आणि पुढे पॅकेजचं नाव द्या. आता ते तुम्ही मागितलेलं म्हणून नोंदलं जातं आणि यादीत पुन्हा येत नाही.

'रिमूव्ह' आणि 'पर्ज' यातला फरकही सांगतो. रिमूव्ह पॅकेज काढतं, सेटिंग ठेवतं. पर्ज दोन्ही काढतं. कायमचं नको असेल तर पर्ज, परत लागेल असं वाटलं तर रिमूव्ह. तुमच्या होम फोल्डरला मात्र दोन्ही हात लावत नाहीत.

यादी का वाचायची, त्याचं जगभर गाजलेलं उदाहरण नोव्हेंबर २०२१ चं आहे. यूट्यूबवरचे लिनस सेबॅस्टियन पॉप ओएसवर गेम्ससाठी 'स्टीम' टाकत होते. पॅकेजमधल्या तेव्हाच्या एका चुकीमुळे एपीटीने सांगितलं की स्टीमसाठी डेस्कटॉपच काढावा लागेल. स्क्रीनवर इशारा होता, इतकंच नाही तर पुढे जायला 'येस, डू ॲज आय से' असं पूर्ण वाक्य टाइप करावं लागत होतं. त्यांनी ते केलं आणि डेस्कटॉप गेला. कॅमेऱ्यासमोर! हुशार माणसाचंही असं होतं, कारण टर्मिनलमधला मजकूर न वाचता पुढे जायची सवय सगळ्यांनाच लागलेली असते.

म्हणून नियम : 'विल बी रिमूव्ह्ड' या शब्दांखालची यादी बोट ठेवून वाचा. त्यात 'डेस्कटॉप', 'सिनॅमन', 'ग्नोम-शेल', 'नेटवर्क-मॅनेजर', 'ग्रब' यातलं काही दिसलं तर 'एन' दाबा, स्क्रीनचा फोटो काढा आणि जाणकाराला दाखवा.

जागा मोकळी करायची असेल तर धोका नसलेल्या जागा आधी बघा. 'सुडो एपीटी क्लीन' डाउनलोड झालेल्या इन्स्टॉलेशन फाइल्स काढतं, बसवलेल्या सॉफ्टवेअरला काही होत नाही. फ्लॅटपॅक वापरत असाल तर 'फ्लॅटपॅक अनइन्स्टॉल डॅश डॅश अनयूज्ड'. उबंटूमधलं स्नॅप प्रत्येक ॲपची मागची आवृत्तीही ठेवतं. 'स्नॅप लिस्ट डॅश डॅश ऑल' केलं की 'डिसेबल्ड' लिहिलेल्या त्या जुन्या आवृत्त्या दिसतात. खरं सांगू का, जागा सगळ्यात जास्त अडवतात ते डाउनलोड्स फोल्डरमधले व्हिडिओ. आधी तिकडे बघा!

महिन्याची अर्ध्या तासाची यादी

प्रिंट काढून काउंटरच्या आतल्या बाजूला चिकटवा :

१. तारीख २३ ते २८, गुरुवार नाही, यूपीएस चालू.
२. डेटाचा बॅकअप, मग टाइमशिफ्ट.
३. अपडेट, अपग्रेडेबल यादी, अपग्रेड.
४. रीस्टार्ट. 'यूनेम डॅश आर' बघून आकडा वहीत लिहा.
५. वाय-फाय, प्रिंटर, टॅली, टोकन तपासा.
६. दोन-तीन दिवस नवं कर्नल नीट चाललं, मगच ऑटोरिमूव्ह. यादी वाचूनच.
७. जुनं एक कर्नल शिल्लक आहे ना?

सहाव्या ओळीकडे परत एकदा बघा. अपग्रेड आणि ऑटोरिमूव्ह एकाच दमात करणाऱ्या कमांड इंटरनेटवर भरपूर मिळतात. नवीन टायर लावून गाडी चालवून बघितल्याशिवाय जुना भंगारात देतो का आपण? तसंच हे.

ऑफिसात दोन-तीन मशीन असतील तर सगळी एकाच दिवशी करू नका. ज्यावर बिलिंग होत नाही ते मशीन आधी, आठवड्याने बाकीची. तेवढ्याने नव्वद टक्के चिंता संपते.

व्हिडिओत मी ग्रबचा मेनू आणि जुन्या कर्नलवर परत येणं दोन वेळा करून दाखवलंय. या रविवारी निवांत तेवढं एक स्वतः करून बघा. हाताला सवय झाली की मग शील्डवरच्या त्या ठिपक्याची भीती वाटणार नाही.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत बॅकअप घ्या आणि यादी वाचा!